द्रवाच्या एन्थाल्पीगणनेतील एक रूढ सूत्र : काही आक्षेप

दाबाखालील द्रवाची एन्थाल्पी काढण्यासाठी ऊष्मागतिकीच्या पाठ्यपुस्तकांतून जे सूत्र सर्रास दिलेले आढळते, ते असे : त्याच तापमानाच्या संपृक्त द्रवाची एन्थाल्पी कोष्टकातून घ्यावी, आणि संपृक्त दाबापेक्षा जेवढा दाब अधिक असेल त्यास विशिष्ट घनफळाने गुणून येणारी राशी तीत मिळवावी. सूत्र सुटसुटीत आहे, परीक्षेच्या दृष्टीने सोयीचे आहे, आणि द्रव असंपीड्य मानला की ते दोन ओळींत सिद्धही होते. प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आक्षेप त्याच्या सिद्धतेवर नसून, 'अधिक अचूक उत्तरासाठी सुधारणा' म्हणून ते ज्या आत्मविश्वासाने पुढे केले जाते, त्यावर आहे.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. १०० अंश सेल्सिअसला संपृक्त पाण्याची एन्थाल्पी दर किलोग्रॅमला ४१९.२ किलोज्यूल आहे. तापमान तेच ठेवून दाब १५० बार केला, तर सूत्राप्रमाणे तीत सुमारे १५.५ किलोज्यूलची भर पडून ४३४.७ हे उत्तर येते. बाष्पकोष्टकातील मूल्य मात्र ४३०.४ आहे, म्हणजे खरी भर ११.२ एवढीच. येथे सुधारणा अतिरिक्त असली तरी काही न करण्यापेक्षा बरी, असे म्हणता येईल. परंतु हीच कृती २०० अंशांवर करून पाहावी. संपृक्त पाण्याची एन्थाल्पी ८५२.३, सूत्राचे उत्तर सुमारे ८६८, आणि कोष्टकातील मूल्य सुमारे ८५८. दाबाचा विचार मुळीच न करणाऱ्याची चूक सहा किलोज्यूलांहून कमी, आणि सूत्रानुसार 'सुधारणा' करणाऱ्याची सुमारे दहा! २५० अंशांच्या आसपास तर दाब वाढविल्याने एन्थाल्पी जवळजवळ वाढतच नाही, आणि त्यापुढे ती घटू लागते. सूत्र मात्र प्रत्येक वेळी भरच घालीत राहते.

असे का व्हावे? एन्थाल्पीतील अत्यल्प बदल म्हणजे निरपेक्ष तापमान व एन्ट्रॉपीतील बदल यांचा गुणाकार, अधिक विशिष्ट घनफळ व दाबातील बदल यांचा गुणाकार. एन्ट्रॉपी स्थिर असेल तर पहिले पद गळते आणि रूढ सूत्रातील पदच तेवढे उरते. पंपाच्या आदर्श कार्यासाठी ते पद वापरतात ते म्हणूनच बिनचूक आहे. परंतु तापमान स्थिर ठेवून दाब वाढविला असता द्रवाची एन्ट्रॉपी कमी होते, कारण तापमान कायम राखावयाचे तर द्रवातून उष्णता बाहेर काढावी लागते. मॅक्सवेलच्या संबंधांवरून ही घट घनफळाच्या प्रसरणगुणांकाशी जोडता येते, आणि समतापी मार्गावर दाबाच्या पदास 'एक उणे प्रसरणगुणांक व निरपेक्ष तापमान यांचा गुणाकार' या अवयवाने गुणावे लागते. हा गुणाकार २५ अंशांच्या पाण्यासाठी सुमारे ०.०८, १०० अंशांसाठी ०.२८ आणि २०० अंशांसाठी ०.६ हून अधिक आहे. वरील तफावतीचा उलगडा एवढ्याने होतो.

येथे 'असंपीड्य' या शब्दानेच घोटाळा केला आहे, असे आमचे मत आहे. विद्यार्थी असे समजतो की पाणी फारसे दाबले जात नाही, तेव्हा गृहीतक निर्धोक आहे. पाणी खरोखरच दाबले जात नाही. १०० अंशांवर १५० बार दाबाने त्याचे घनफळ एक टक्कासुद्धा घटत नाही. ढासळते ते गृहीतकाचे दुसरे, अनुच्चारित अंग : तापमानाबरोबर घनफळ बदलत नाही हे. प्रसरणगुणांक दिसावयास क्षुद्र असला, तरी तो शेकडो अंशांच्या निरपेक्ष तापमानाने गुणला जातो, हे ध्यानात घेतले जात नाही.

चार-पाच किलोज्यूलांची एवढी चर्चा कशाला, असे कोणी विचारील. बाष्पित्राच्या एकूण उष्णताहिशेबात ही चूक बुडून जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु जेथे दोन जवळजवळ समान एन्थाल्पींची वजाबाकी हेच उत्तर असते, तेथे ती बुडत नाही. प्रवेश व निर्गम यांची तापमाने मोजून बाष्पित्राच्या भरणपंपाची कार्यक्षमता काढण्याची पद्धत घ्या. १०० अंशांचे पाणी १५० बारपर्यंत नेणारा पंप सर्वथा निर्दोष असला, तरी पाणी सुमारे एक अंशाने तापतेच. त्याची एन्ट्रॉपी स्थिर राहते, तापमान नव्हे. आता विशिष्ट उष्णता गुणिले तापमानवाढ, अधिक घनफळ गुणिले दाबवाढ, असा रूढ हिशेब मांडला, की एन्थाल्पीवाढ १५.५ ऐवजी सुमारे १९.७ निघते, आणि निर्दोष पंपाची कार्यक्षमता ७९ टक्के ठरते! पंपावर असा ठपका ठेवणारा अहवाल गणिताच्या दृष्टीने निर्दोषच दिसेल. म्हणून तो अधिक घातक.

आय. ए. पी. डब्ल्यू. एस.ची १९९७ ची औद्योगिक समीकरणे संगणकावर सहज उपलब्ध असता पाण्यासाठी या सूत्राचा आश्रय घेण्याचे प्रयोजन उरलेले नाही. ज्या तेलांची किंवा मिश्रणांची सविस्तर कोष्टके नाहीत, त्यांच्यासाठी सोपे सूत्र लागणारच. तथापि तेथेही वगळलेला अवयव परत आणणे कठीण नाही. त्यास फक्त घनतेची दोन मूल्ये लागतात. पाण्याची घनता ९० अंशांवर ९६५.३ आणि ११० अंशांवर ९५१.० किलोग्रॅम प्रति घनमीटर आहे. या फरकास २० अंशांनी व मधल्या घनतेने भागले आणि ३७३ ने गुणले, की वर दिलेला ०.२८ हा आकडा हाती येतो.