'लैला' : भिंत, गावकूस आणि एकटी व्यक्ती

डिस्टोपियन कादंबरीत 'सगळ्यांसारखे व्हा' हा दबाव बहुधा एखाद्या वस्तूच्या रूपाने समोर येतो. रशियन लेखक झाम्यातिन यांच्या 'वुई'मध्ये ती वस्तू काच आहे. घरांच्या भिंती पारदर्शक, माणसांना नावांऐवजी क्रमांक, लपायला जागाच नाही. प्रयाग अकबर यांच्या 'लैला' (2017) या इंग्रजी कादंबरीत याच्या नेमके उलट आहे. येथील भिंती उंच आहेत, पलीकडचे काही दिसू न देणाऱ्या. शहरावर कौन्सिलचे राज्य आहे खरे, पण ज्यांना भिंती हव्या आहेत ते लोक आतच राहतात.

शहराला लेखकाने नाव दिलेले नाही. तरी दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडात राहणाऱ्याला ते लगेच ओळखू येते. वसाहतीचे रात्री बंद होणारे फाटक, पहारेकऱ्याची नोंदवही, घरकामाला येणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट. कादंबरीने हे फाटकच वाढवत नेले आहे. म्हणून मी या भिंतीला रूपक न म्हणता प्रतीक म्हणतो. रूपककथेत अर्थ कळला की वस्तू बाजूला ठेवता येते. इथे तसे करता येत नाही, कारण नायिका शालिनी त्या भिंतीसमोर खरोखर उभी आहे आणि तिची हिरावून नेलेली मुलगी पलीकडे कुठेतरी आहे.

2019 च्या नेटफ्लिक्स मालिकेत हे हरवले. तिथे राष्ट्राला 'आर्यावर्त' हे नाव मिळाले, एक सर्वोच्च नेता मिळाला, आणि प्रेक्षकाला दोष द्यायला सोपे माणूस सापडले. स्वतःच्या फाटकाकडे बघायची गरज उरली नाही.

आता थोडे अवघड. 'व्यवस्था वाईट, व्यक्ती चांगली' असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी लिहितात. शालिनीने मुस्लीम रिझवानशी लग्न केले आणि त्याची भयंकर किंमत मोजली, हे खरेच. पण तिचे पूर्वीचे मुक्त जीवन आठवा. प्रशस्त घर, मेजवान्या, आणि लैलाला सांभाळायला सपना. सपनाशी बोलताना शालिनीचा स्वर कसा असतो, तो भाग सावकाश वाचा. त्या घरातही एक भिंत होतीच, फक्त शालिनीला ती दिसत नव्हती.

मराठी वाचकाकडे यासाठी जुना शब्द आहे : गावकूस. गावकुसाबाहेरचे जगणे दया पवारांच्या 'बलुतं'पासून (1978) पुढच्या अनेक दलित आत्मकथनांनी मांडले. त्या लेखकांना अशी भिंत भविष्यात कल्पावी लागली नाही. जे शालिनीला दुःस्वप्न वाटते, ते कुणाचा तरी रोजचा दिवस होता.

उत्तर लिहिण्यापूर्वी कादंबरीची शेवटची प्रकरणे सपनाच्या बाजूने पुन्हा वाचा. भिंती उभ्या राहिल्यावर तिने काय गमावले आणि काय मिळवले, याची नोंद वहीत वेगळी करा.