तेराव्या अध्यायाचें वाचन

ग्रंथ एकच, आणि त्याच्याच आधारानें परस्परविरुद्ध मतें मांडणारे पंडित दोन्ही बाजूंस हजर, हा प्रकार ब्रह्मसूत्रांवरील भाष्यें ज्यांना ऐकून तरी ठाऊक आहेत त्यांना नवा नाहीं. निर्वासितांच्या प्रश्नावर अमेरिकेंतील ख्रिस्ती समाजांत असाच वाद झाला. त्यांत धर्माइतकाच वाचनाचाहि प्रश्न गुंतला असल्यामुळें त्याचा परामर्श येथें घेणें आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

सन २०१८ मध्यें मेक्सिकोच्या सीमेवरून विनापरवाना येणाऱ्या प्रत्येकावर फौजदारी खटला भरावा, असें धोरण अमेरिकन सरकारनें अंगीकारलें. आईबाप तुरुंगांत गेले. मुलें त्यांच्यापासून तोडून निराळीं ठेवण्यांत आलीं. अशी ताटातूट हजारों मुलांची झाली. ओरड झाली तेव्हां १४ जून रोजीं अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनीं सेंट पॉलच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढें केला. राज्यसत्ता ईश्वरनियुक्त, म्हणून तिचे कायदे पाळलेच पाहिजेत, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ.

एखाद्या विद्यार्थ्यानें असा आधार दिला असता तर आम्हीं त्याला मागचें-पुढचें पान वाचून यावयास सांगितलें असतें. पॉलनें अध्याय पाडले नव्हते. त्यानें पत्र लिहिलें होतें. आजची विभागणी तेराव्या शतकांतली. ती क्षणभर पुसून टाकली म्हणजे काय दिसतें? बाराव्यांत आतिथ्याची आज्ञा आहे, आणि तेथील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच परक्यावरील प्रेम असा आहे. छळणाऱ्याचेंहि भलें चिंतावें, शत्रु भुकेला असेल तर त्याला जेवूं घालावें, हेंहि तेथेंच. राज्यसत्तेचा उल्लेख येतो तो यानंतर. आणि तो संपतो न संपतो तोंच, शेजाऱ्यावरील प्रीतींत सारें नियमशास्त्र पुरें होतें, असें पॉल सांगतो. दोहोंकडच्या भिंती पाडून मधली खोली तेवढी दाखवणें याला वाचन म्हणत नाहींत. पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या १८५० च्या अमेरिकन कायद्याच्या समर्थनार्थहि याच खोलीचा उपयोग झाला होता. आणि परंपरा सांगते तें खरें असेल, तर पॉलचा शिरच्छेद रोमच्या सत्तेनेंच केला!

विरुद्ध पक्षाचें वाचन तरी सर्वस्वीं निर्दोष आहे काय? परक्याला दिलेला आसरा आपणांसच पोंचला असें येशू मानतो, तो मत्तयाचा पंचविसावा अध्याय ही मंडळी नेहमीं सांगते. पण तेथील ‘बंधु’ म्हणजे केवळ शिष्य, असा अर्थ करणारे भाष्यकार आहेत. त्यांना उत्तर दिल्यावांचून चालणार नाहीं. आमच्या मतें लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय अधिक बळकट. परक्यास स्वदेशीयाप्रमाणें वागवावें, याचें कारण म्हणून तेथें दया सांगितलेली नाहीं. ऐकणारे स्वतः मिसर देशांत परके होते, ही आठवण दिली आहे. ज्या राष्ट्राचे बहुतेक नागरिक स्थलांतरितांचे वंशज, त्याला या युक्तिवादांतून सुटका नाहीं. मात्र किती जणांना घ्यावें हें कोणताच अध्याय सांगत नाहीं, आणि तो सांगतो असा आव सज्जनांनींहि आणूं नये.

दोन्ही अध्याय एकत्र वाचतां येतात याचा दाखला त्याच वर्षीं हॉलंडमध्यें मिळाला. उपासना चालू असतां पोलिसांनीं प्रार्थनामंदिरांत शिरूं नये, असा तेथील कायदा आहे. हद्दपारीच्या छायेंतील एका आर्मेनियन कुटुंबास हेग शहराच्या बेथेल मंदिरानें आश्रय दिला, आणि २६ ऑक्टोबर २०१८ रोजीं तेथें उपासना सुरू झाली, ती ३० जानेवारी २०१९ पर्यंत थांबलीच नाहीं. शेंकडों धर्मोपदेशक रात्रंदिवस पाळीपाळीनें येत होते. कायदा कोणीं मोडला नाहीं. सेशन्ससाहेबांनाहि तक्रारीस जागा नव्हती. अखेर सत्ताधारी पक्षांत तडजोड झाली, दीर्घकाळ देशांत राहिलेल्या मुलांच्या फेटाळलेल्या अर्जांचा फेरविचार ठरला, आणि या कुटुंबास राहतां आलें. त्याच तडजोडींत, अशा मुलांसाठीं जी खास सवलत होती ती पुढील काळाकरितां रद्द करण्यांत आली.