यंत्र उरलं, तार हरवली

संग्रहालयात मोर्सचं यंत्र पाहिलं की मला खटकतं. काचेआड पितळ असतं, लाकूड असतं, सालाची पाटी असते. त्यातून गेलेला एकही निरोप नसतो.

१८५० साली कोलकाता आणि डायमंड हार्बर यांच्यात तार सुरू झाली, जुलै २०१३ मध्ये ही सेवा देशभर बंद झाली. मधल्या काळात तारेनं एक भाषा घडवली. शब्दागणिक पैसे, म्हणून काटकसर. ठरावीक शुभेच्छांना क्रमांक होते: पाठवणाऱ्यानं आकडा सांगायचा, घेणाऱ्याला अख्खं वाक्य मिळायचं. आपले स्टिकर वेगळं काय करतात? पण पाटीवर याचा उल्लेख सापडत नाही.

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरी एक तार आहे, आजोबा मुंबईत गेल्याची. चार इंग्रजी शब्द. आजीला वाचता येत नव्हतं. दारात तारवाला दिसला, तेव्हाच तिला कळलं. यंत्राशेजारी असा कागद ठेवल्याशिवाय ते प्रदर्शन अर्धंच म्हणावं लागेल.

आजीचे व्हॉइस मेसेज मात्र माझा जुना मोबाइल बिघडला तेव्हा गेले. बॅकअप नव्हता. मोबाइल कपाटात आहे, जपून ठेवलेला.