प्रवासी-याद्या आणि वंशशोध : हॉटन यांच्या ग्रंथाची चिकित्सा

जॉन कॅमडेन हॉटन यांनी संपादित केलेला व १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रवासी-याद्यांचा ग्रंथ हा सतराव्या शतकात इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या वसाहतकारांच्या वंशशोधाचा आधारग्रंथ मानला जातो. तथापि, या याद्यांची पुरावा म्हणून असलेली मर्यादा लक्षात घेणे आवश्यक ठरते. १६३५ च्या लंडन बंदरातील नोंदींत प्रवाशाचे नाव व वय आढळते. मूळ गाव बहुधा आढळत नाही. त्यामुळे संशोधक वयावरून जन्मवर्ष काढतो आणि १५३८ पासून इंग्लंडच्या चर्चमध्ये सुरू झालेल्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत तेच नाव शोधतो. परंतु केवळ नामसाम्यावरून नाते सिद्ध होत नाही. ते मूल बालपणीच दगावलेले असू शकते. म्हणून दफननोंदी व मृत्युपत्रे यांचा पडताळा अपरिहार्य होय.

याच ग्रंथातील व्हर्जिनियाच्या याद्या अधिक गंभीर प्रश्न उपस्थित करतात. १६२४ च्या यादीत बहुतेक इंग्रजांची नावे-आडनावे आहेत. काही आफ्रिकी व्यक्तींची मात्र नावेही नाहीत. १६२५ च्या गणनेत अँटनी व इझाबेल यांच्या विल्यम या मुलाच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख येतो, पण आडनाव येत नाही. ज्या कागदावर एकाच्या वंशावळीचा आरंभ होतो, तेथेच दुसऱ्याचा माग खुंटतो. सारांश, हॉटन यांचा ग्रंथ आजही उपयुक्त आहे. मात्र नोंद कोणी आणि कशासाठी केली, हे प्रथम तपासावे लागते.