सुगरणीचा खोपा व आमचें वाङ्मय

कोंकणांतील पक्षी ऋतूंबरोबर पालटतात. आमच्या ललित निबंधांतील पक्षी मात्र बाराही महिने एकाच फांदीवर बसलेले आढळतात. मृगाच्या सुमारास येणारा चातक, पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या रानांत विणीसाठीं उतरणारा नवरंग आणि पाऊस सरल्यावर उत्तरेकडून येणारा धोबी, या तिघांची एकाच प्रभातकाळीं गांठ घालून देणारे लेखक आमच्या पाहण्यांत आहेत! शब्द गोड असले म्हणजे पंचांगाची जरूर नाहीं, अशी त्यांची समजूत असावी.

याच्या उलट सालिम अली यांचें उदाहरण पाहावें. १९३० च्या पावसाळ्यांत अलिबागेजवळ किहीम येथें, एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास कनकेश्वराचा डोंगर अशा जागीं, त्यांनीं सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर नजर ठेवली आणि जें दिसलें तें पुढील वर्षीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत मांडलें. खोपा विणतो तो नर. काम अर्धें झालें कीं माद्या पाहणीस येतात. एखादीनें पसंत केला तरच तो पुरा होतो. मग हे गृहस्थ लागलीच दुसरा खोपा, दुसऱ्या मादीसाठीं, विणूं लागतात!

हें वाचल्यावर खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांच्या खोप्यावरील गाण्याचें काय करावयाचें? त्यांतील सूक्ष्म निरीक्षणाची तारीफ नेहमीं होते. ती आम्हांस सर्वस्वीं मान्य नाहीं. विणकाम मादीचें ही चूक तेथें आहेच, आणि ती भाषेनेंच आधीं करून ठेविली आहे. 'सुगरण' हें नांवच मुळीं स्त्रीचें. परंतु अंडीं उबवते ती मादी एकटीच. पिलांना भरविण्याचा भारही मुख्यतः तिच्यावरच. तेव्हां विणकराविषयीं बहिणाबाई चुकल्या, आईविषयीं नाहीं. आणि गाण्याचा सारा जीव आईंत आहे.

निरक्षर बहिणाबाईंपाशीं ना दुर्बीण होती ना नियतकालिकें. आमचा आक्षेप आहे तो हाताशीं दोन्ही असणाऱ्या निबंधकारांवर. पावसाळ्यांत नराचें डोकें पिवळें धमक होतें. थंडींत तो पिसें पालटून मादीसारखाच चिमणीच्या वर्णाचा दिसतो. दिवाळीनंतर रिकामा खोपा पाहून लिहावयास बसणाऱ्यास त्याचा विणकर कोण, हें कळावें कसें?