आठवण आणि आमंत्रण

गाव सोडलेला माणूस गावाचं गाणं म्हणतो, तेव्हा बहुधा तो स्वतःचंच लहानपण कुरवाळत असतो. मग ते गाव समुद्रकाठचं असो की आपल्या गोदाकाठचं. लाटा येतात, चांदणं येतं. उधारी येत नाही. परभणीच्या इंद्रजित भालेरावांचं 'माझ्या गावाकडं चल माझ्या दोस्ता' आम्हाला वेगळं वाटतं. ते दोस्ताला सोबत बोलावतं, आणि वाट काट्याकुट्यांची आहे हेही सांगतं. नुसत्या आठवणीला कुणी पुरावा मागत नाही. आमंत्रण दिलं, की पाहुणा येऊन पडताळून पाहणार! म्हणून गाव गोड करून सांगायची सोय इथं उरत नाही. आपण या गाण्याला टाळ्या खूप दिल्या. त्या वाटेनं चाललो किती?