कोचीचे पाणी आणि आपले घर

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' ही कादंबरी २००६ सालची. मी ती उशिरा वाचली. २०२२ मध्ये त्यांनीच तिच्यावर केलेला हिंदी सिनेमा आला, तो लेकीने दाखवला. आमच्या महिला मंडळात त्याचा विषय काढला तर "असलं कशाला बघायचं?" म्हणून बायांनी तोंड फिरवलं. म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट एका मराठी घराची. वरची खोली भाड्याने दिलेली. भाडेकरू तरुण येतो आणि घरातला मुलगा तनय त्याच्यावर जीव लावतो. बहीण अनुजाही लावते. एक दिवस तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही टाकतो. पुस्तकात आधी भाऊ बोलतो, मग बहीण.

पुस्तकातले घर पुण्याचे. सिनेमाने ते १९९६ च्या फोर्ट कोचीत नेले. बंदराचे गाव, जुनी घरे, पाणी, हिरवाई, डोळे निवतात. पण माझ्या मते इथेच सिनेमा थोडा सैल पडला. पुण्याच्या घरात मध्यमवर्गाची कोंडी आहे, चार माणसांत असून एकटेपण आहे. कोचीत दुःखही चित्रासारखे देखणे दिसते. एकट्या राहणाऱ्या प्राध्यापकाचे पात्र मात्र बोचते. आयुष्यभर लपून राहिले की माणसाचे काय होते, ते त्याच्याकडे बघून कळते.

पुस्तकाची खरी ताकद वेगळीच आहे. अनुजासाठी घर रडते, चिडते, काळजी करते. तनयचे दुःख तेवढेच मोठे, पण ते कुणाला सांगायची सोय नाही. घरात त्याला बसायला पाट नाही.

हे वाचताना मला आमच्या ओळखीतली एक बाई आठवली. तिचा मुलगा परगावी नोकरीला गेला तो सणालाही येईना. पापड लाटताना ती हळूच म्हणाली, "वैनी, त्याला मुलगी नकोच म्हणतो. असं कशानं होतं हो?" मी म्हणाले, "लग्न करून टाका, होईल नीट." दोन्हीकडच्या पोरांचं वाटोळं करणारा सल्ला, आणि मी तो पीठ मळल्यासारखा सहज दिला.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सज्ञान माणसांचे असे संबंध गुन्ह्यातून काढले. आपल्याकडे तर त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकात, नेमिचंद्राचार्यांनी 'गोम्मटसारा'त सांगून ठेवलंय, की शरीराचा वेद आणि भावाचा वेद बहुतेक सारखे असतात, क्वचित वेगळेही असतात. स्वाध्यायात ही गाथा आपण ऐकतो आणि पुढे जातो.

यंदा क्षमावाणीला मी त्या बाईलाही "उत्तम क्षमा" म्हटलं. कशाबद्दल, ते मात्र सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.